दोन नवीन बँड आलेत

मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. किन्हवलीच्या अलीकडं आमचं गाव आणि तिथली आमची नऊ जणांची पार्टी. पावसाळ्यात नऊच्या नऊ जण भाताच्या चिखलात असतो. तुळशीचं लग्न लागलं की लाल कोट अंगात चढतात. नव्वदच्या दशकात शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आमच्याशिवाय कुणाला हळद लागत नव्हती, असं मी सांगतो. बाकीचे आठ जण म्हणतात, जरा कमी सांग. माझं तोंड पहिल्यापासून सैल आहे. निदान वाजवताना तरी ते बंद राहील म्हणून बापानं मला क्लॅरनेटला लावलं, असं माझी बायको अजून पाहुण्यांना सांगत असते.

पार्टीचे पुढारी म्हणजे आमचे मास्तर. ते ट्रंपेट वाजवतात. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बँडमास्तर म्हणून अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि माझ्या अगदी उलटे. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर त्यातली सहा 'हं' असतात. पण एकदा का डोकं फिरलं, की मग समोर व्याही असो नाहीतर सरपंच, मास्तर कुणाचं ऐकत नाहीत.

तिसरा माणूस सांगायला हवा तो शेठ. गावातलं किराणा दुकान शेठचं, पिठाची चक्कीही त्यांचीच, आणि गावाला बाहेरून फोन यायचा तोही त्यांच्याच गल्ल्याशेजारी. चक्की चालू असली की फोनवर निम्मं ऐकू यायचं. शेठ ते निम्मं प्रामाणिकपणे लिहून घ्यायचे आणि ज्याचा त्याला पोचवायचे. एक शब्द इकडचा तिकडं करायचे नाहीत. या गोष्टीत सगळी गंमत तिथंच झाली.

माझं दुखणं पाठीतून सुरू झालं. आता भाताचे भारे वाहणाऱ्याची पाठ दुखली तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? बायको तेल चोळायची, मी गोळी घ्यायचो आणि वाजवायला जायचो. असे सहा-सात महिने गेले. मग मुरबाडला एका हळदीत मी वरचा सूर धरला आणि बरगडीत कट् करून झालं. श्वासच अडकला. मास्तरांनी माझ्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही, माझी चाल तिथल्या तिथं ट्रंपेटवर उचलली, आणि नाचणाऱ्यांना काही कळलंही नाही. मी कडेला मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि घामानं भिजलो.

मुरबाडच्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, "फुंकून बरगडी मोडलेला माणूस मी आजवर बघितला नव्हता." मग रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. चिठ्ठी घेऊन आम्ही नवरा-बायको मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. हे दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाल्यावरचं.

तिथल्या डॉक्टर म्हणजे एक मॅडम होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण समजावून सांगायची हातोटी मोठी. मायलोमा म्हणाल्या. हाडांच्या आत मगज असतो, तिथं रक्त तयार होतं. तिथल्याच एका जातीच्या पेशी माजल्या आहेत, हाडं पोखरतायत आणि सगळ्या मिळून एकच एक प्रोटीन रक्तात ओततायत. मग त्यांनी एक फोटो दाखवला. रक्तातली प्रोटीनं एका पट्टीवर पसरवून बघतात. चांगल्या माणसाचं रक्त तिथं फिकट आणि सारखं पसरतं. माझ्या पट्टीवर एका जागी जाड काळी रेघ होती.

"याला बँड म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या रक्तात बँड आहे."

"हाय ना मॅडम," मी म्हटलं, "तीन पिढ्या हाय."

त्यांना काही कळलं नाही. बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मग तिनंच सांगितलं, की हे लग्नात वाजवतात. मॅडम खळखळून हसल्या. त्या दिवसापासून आमच्यात 'बँड' म्हटलं की तो आजारच. मॅडम विचारायच्या, कसा आहे बँड? मी म्हणायचो, वाजवतोय आमची.

आधी चार-पाच महिने गोळ्या झाल्या. त्यानं रेघ बारीक झाली, पण गेली नाही. मग मॅडमनी मोठा उपाय सांगितला. माझ्याच रक्तातल्या मूळ पेशी मशीननं काढून घ्यायच्या आणि गोठवून ठेवायच्या. मग एक जहाल औषध देऊन हाडातला मगज साफ करायचा, आणि माझ्या पेशी मला परत द्यायच्या. त्या आपली जागा शोधून पुन्हा रक्त तयार करायला लागतात. मी विचारलं, "आणि नाय लागल्या तर?" मॅडम म्हणाल्या, "लागतात." तेवढ्यावर मी सही केली. दुसरं करणार काय होतो?

मला मरणाची भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जवळची भीती तोंडाची होती. औषधानं तोंड आतून सोलून निघतं, असं शेजारच्या खाटेवरच्यानं सांगितलं होतं. ओठ गेले की क्लॅरनेट गेलं, आणि क्लॅरनेट गेलं की मी नुसता बडबडणारा माणूस उरणार. औषध चालू असताना तिथल्या सिस्टरनं मला तोंडात बर्फ धरायला लावला. चमच्यामागून चमचे बर्फ. दात बधिर झाले, पण ती बाई ऐकेना. "तुमचं वाजवायचं तोंड आहे ना, मग घ्या," म्हणायची. तोंड आलंच, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, पण ओठ राहिले. त्या बर्फाचे उपकार मी कसे फेडू? तिला मी तेव्हा मनात शिव्या घातल्या होत्या, त्या इथं परत घेतो.

पेशींची पिशवी चढवली तेव्हा खोलीभर लसणासारखा वास सुटला. त्या गोठवताना जे औषध घालतात त्याचा तो वास. काचेपलीकडून बायको खुणेनं विचारत होती, काय झालं? मी खुणेनं सांगितलं, फोडणी. ती हसली आणि लगेच पदरानं डोळे पुसले.

त्याच काचेपलीकडं एक दिवस मास्तर उभे दिसले. आत कुणाला सोडत नव्हते. मास्तरांनी खिशातून एक छोटी डबी काढली, उघडली आणि काचेला टेकवली. आत क्लॅरनेटच्या चार नव्या पत्त्या होत्या. पत्ती म्हणजे तोंडात धरायची ती वेताची चपटी काडी. आत द्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी डबी नुसती हलवून दाखवली, पुन्हा खिशात ठेवली आणि गेले. गावाहून तेवढ्यासाठी आले होते. माझ्या डोक्यावर एक केस नव्हता, तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि माझ्यासाठी कुणीतरी नवीन पत्त्या घेऊन ठेवल्या होत्या. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. पट्टी साफ, बँड गायब. मॅडमनी माझ्याशी हात मिळवला. गावात आलो तो बायकोच्या राज्यात. उकळलेलं पाणी, ताजं अन्न, गर्दी बंद, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला मास्क. बोकडाला मुसकी बांधावी तसा मी ओटीवर बसून असायचो. सहा महिने होत आले तेव्हा मॅडमनी पुन्हा रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "हळूहळू वाजवायला लागा. पण गर्दीत मास्क."

"ऐकलंस ना? मास्क," बायको म्हणाली.

"मास्क लावून क्लॅरनेट कसं वाजवू गो? नाकानं?"

"कसं ते तू बघ. मॅडमनी सांगितलंय."

मी घरात फुंकायला लागलो. पहिल्या दिवशी बदकासारखा आवाज आला. दहा-बारा दिवसांत सूर लागला. वैशाखऱ्याला एका रविवारी लग्न होतं, नवरदेवाकडून आमची सुपारी होती, आणि मास्तरांनी सांगितलं, या लग्नाला तू येतोस. मी तर कोट झाडून खुंटीला लावून ठेवला.

त्या रविवारच्या आधी, गुरुवारी, शेठच्या दुकानात फोन आला. चक्की चालू होती. शेठनं पुडीच्या कागदावर लिहून घेतलं आणि दळण घ्यायला आलेल्या मास्तरांच्या हातात दिलं. तो कागद मी अनेकदा वाचलाय. 'मुंबईवरून फोन. सिस्टर बोलत होती. पहिला बँड आता दिसत नाही. दोन नवीन बँड आलेत. सोमवारी येऊन भेटा.'

मास्तर तो कागद घेऊन तडक माझ्या ओटीवर आले. कान लाल झाले होते.

"बघ," म्हणाले. "वैशाखऱ्याची सुपारी गेली. नवरदेवाच्या बहिणीनं मुंबईवरून फोन केलाय. दोन बँड आणलेत त्यांनी. दोन! आनि आमी कुठं दिसत नाय म्हनं!"

"आनि सोमवारी कशाला भेटायचं?" मी विचारलं.

"लग्न उरकल्यावर. आदी तोंड दाखवायला लाज वाटत असंल."

आता विचाराल, पंधरा दिवसांपूर्वी रक्त देऊन आलेला माणूस मी, माझ्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. आई शप्पत नाही आलं. आमच्या गावात बँड म्हणजे लाल कोट आणि सिस्टर म्हणजे मुंबईला राहून शिकलेली कुणाची तरी बहीण. शिवाय सहा महिने मला कुणाशी भांडायला मिळालं नव्हतं. मी मास्तरांपेक्षा दुप्पट तापलो. म्हटलं, चला, उद्याच जाऊ आणि विचारू. बायको मागून ओरडली, "मास्क!"

शुक्रवारी सकाळी आम्ही जीपनं सरळगावला उतरलो आणि तिथून माळशेजकडं जाणाऱ्या एसटीनं वैशाखऱ्याला. लग्नघरासमोर मांडव घालणं चाललं होतं. नवरदेवाचा बाप स्वतः शिडीवर चढून आंब्याचे टहाळे बांधत होता. मास्तरांनी त्याला शिडीवरून उतरूसुद्धा दिलं नाही, खालूनच सुरू झाले. मी त्यांना इतकं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं.

"दोन बँड आनले तुमी? आनि आमी काय मेलो व्हतो? हा बघा, माझा क्लॅरनेटवाला. हा हॉस्पिटलात पडला तवा भिवंडीकडचा एक माणूस माझ्या दारात आला व्हता, मला घ्या म्हनत. चांगला वाजवतो, याच्याहून बरा वाजवतो. मी नाय घेतला. अख्खा सीझन आठ माणसांत काढला. लोक हसली, क्लॅरनेट कुठाय म्हनली. मी म्हटलं, येतोय. बँड म्हंजे काय पत्रावळ हाय, एक टाकली नि दुसरी घेतली?"

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. यातलं एक अक्षर त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या जागी कुणीतरी वाजवत असेल आणि मास्तर माझ्याशी बोलताना ते टाळत असतील. मास्क होता म्हणून बरं, तोंड कसं झालं होतं ते कुणाला दिसलं नाही.

नवरदेवाचा बाप शांत माणूस. खाली उतरला, आतून पाणी मागवलं. म्हणाला, "आदी पानी प्या. मी एकच बँड सांगितलाय, तो तुमचा. आता मला सांगा, हे दोन बँड कुनाकडचे? आमच्याकडचे का नवरीकडचे?"

"ते तुमाला ठाव. तुमच्या पोरीनं फोन केला."

"कुठल्या पोरीनं?"

"सिस्टर. नवरदेवाची सिस्टर."

तो माणूस हसायला लागला. "मास्तर, मला दोन पोरगेच. पोरगी नाय. परवा करवली म्हनून उभी राहनार ती चुलत्याची, आनि ती हाय सात वर्षांची. ती कुठला फोन करते?"

मांडवातले सगळे हसले. मीही हसलो. मास्तर मात्र गोंधळले. "मग शेठला फोन केला कुनी? याचं नाव घेऊन इचारत व्हती म्हनं," आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "शेठनं कागद मला दिला, बँडचं काम हाय म्हनून."

माझं हसू तिथंच राहिलं. हॉस्पिटलातल्या नर्सला सिस्टर म्हणतात, हे मला तेव्हा कुठं आठवलं. माझं नाव घेऊन मला विचारणारी मुंबईतली सिस्टर एकच होती, बर्फवाली. आणि तिच्या तोंडी बँड म्हणजे काय, हे त्या मांडवात फक्त मलाच ठाऊक होतं.

मी मांडवात टेकलो. एका बँडनं माझी बरगडी मोडली होती, केस घेतले होते, बायकोचं वर्ष हॉस्पिटलच्या जिन्यावर घालवलं होतं. आता दोन आले होते.

"मास्तर, चला," मी म्हटलं. "फोन माझाच व्हता."

येताना टोकावड्याला बूथवरून मी हॉस्पिटलात फोन लावला. सिस्टर म्हणाली, "हो, मीच केला होता. मॅडम सोमवारी सगळं सांगतील. घाबरू नका." हॉस्पिटलात कुणी 'घाबरू नका' म्हटलं की माणसाचं काय होतं, हे जो तिथं राहिलाय त्याला विचारा. जीपमध्ये मास्तर माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांना रेघ, पट्टी, बँड सगळं समजावून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "हं." पण त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो गाव येईपर्यंत तसाच होता.

बायकोनं कागद वाचला. पुन्हा वाचला. रडली नाही. चुलीवरचं उतरवलं, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सोमवारच्या आदी काय करता येतं का?"

"नाय."

"रविवारी वाजवायचंय तुला?"

"वाजवायचंय. एकदा तरी. मग काय होईल ते होईल."

ती उठली, खुंटीवरचा कोट काढून त्याची बटणं तपासायला लागली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्क नको नेऊस. घरी ठेव."

सहा महिने जिनं मला मास्कशिवाय अंगणात जाऊ दिलं नाही, ती हे म्हणाली. तेव्हा मला कळलं, की तिनंही आशा सोडलीय. त्या वाक्याइतकी भीती मला त्या अख्ख्या आजारात वाटली नाही.

रविवारी दुपारचा मुहूर्त होता. वैशाखऱ्याच्या रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. मास्तरांनी मला मधे उभं केलं, नेहमीच्या जागी. त्यांनी आणलेल्या चार पत्त्यांतली एक मी लावली. वाजवलं, आणि चांगलं वाजवलं, हे मी माझ्या तोंडानं सांगतो कारण त्या दिवशी बाकीचे आठही तेच म्हणाले. दम लागला की मास्तर माझी चाल उचलायचे, दम भरला की परत द्यायचे. नवरदेव घोड्यावर होता, बायका त्याला बघत होत्या. त्या गर्दीत एकटी माझी बायको मला बघत होती. डोळे मिटून घेतले तर सूर जाईल असं वाटलं, म्हणून मी तिच्याकडंच बघून वाजवलं. मांडवाशी पोचलो तेव्हा मी देवाला म्हटलं, एवढं दिलंस, पुष्कळ झालं. आणि लगेच म्हटलं, नाही रे बाबा, पुष्कळ नाही झालं.

सोमवारी मॅडमसमोर बसलो. त्यांनी फाइलीतून पट्टीचा फोटो काढून समोर ठेवला. जुन्या जागी काही नव्हतं, पण दुसरीकडं दोन बारीक रेघा होत्या. मॅडम सांगायला लागल्या. हे दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत, हाडातला मगज बघावा लागेल, पण बाकीचं रक्त उत्तम आहे, लघवी साफ आहे. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी त्या रेघा मोजत होतो. एक, दोन. एक, दोन.

बायकोनं मॅडमना मधेच थांबवलं.

"मॅडम, मला अडाणी समजा. एवढंच सांगा. हे दोन बँड कुनाकडचे? आजाराकडचे, का आमच्याकडचे?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडचे."

बायकोचा जीव भांड्यात पडला, तो आवाज मला ऐकू आला असं मी म्हणेन. तिनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. मॅडमनी मग सावकाश सांगितलं, आणि या वेळी मला सगळं ऐकू आलं. औषधानं सगळं साफ केलं होतं, आजारही आणि अंगाची राखण करणाऱ्या चांगल्या पेशीही. आता त्या राखणदार पेशी पुन्हा उभ्या राहतायत. सगळ्या एकदम तयार होत नाहीत. सुरुवातीला थोड्याच कामाला लागतात आणि प्रत्येकीचं प्रोटीन भरपूर, म्हणून पट्टीवर त्यांची वेगळी रेघ दिसते. हळूहळू बाकीच्या तयार झाल्या की ती रेघ गर्दीत मिसळून जाते. हा आजार परत आल्याची खूण नव्हे. पेशी दिल्यानंतर अशा रेघा दिसणाऱ्यांचं बऱ्याचदा चांगलंच चालतं. तरी मगज एकदा बघू आणि तपासत राहू, कारण जुना पाहुणा कधी परत येईल याची खात्री कुणी देत नाही.

मला लगेच समजलं. आमच्याकडं नवीन वाजवणारे घेतले की पहिला महिनाभर हेच होतं. त्यातल्या दोघांना चाल येते आणि ते दोघेच जोरजोरात वाजवत सुटतात, गावभर त्यांचाच आवाज. बाकीचे तयार झाले की मग कोण कुठलं वाजवतंय ते कळत नाही, नुसता बँड ऐकू येतो. मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता मी पेशंटना हेच सांगणार." सांगतात की नाही, देव जाणे.

मगज तपासला, साफ निघाला. त्या दोन रेघा पुढं वर्षभर दिसत होत्या, मग फिक्या होत होत गेल्या. गेल्या तेव्हा मला चक्क चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आजही दर तपासणीला काळजात धडधड होते. पण आज मी हे लिहितोय, आणि लिहिताना शेजारी बायको तांदूळ निवडतेय, याहून जास्त मला काय पाहिजे?

त्या सोमवारी हॉस्पिटलाबाहेर आल्या आल्या मी बूथवरून शेठच्या दुकानात फोन लावला. मागं चक्कीची घरघर होती. मी माझं नाव सांगितलं आणि एकदम घरघर थांबली. शेठनं चक्की बंद केली होती. गावात तोवर सगळ्यांना कळलं होतं.

"बोल," शेठ म्हणाले. "लिवून घेतो."

"लिवा. दोन्ही बँड आपल्याकडचे हायेत."

"दोन्ही... बँड... आपल्याकडचे... हायेत," शेठनं एकेक शब्द परत म्हणून दाखवला. "अजून काय?"

"अजून काय नाय."

"बरं," शेठ म्हणाले, आणि मागं चक्कीची घरघर पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी किन्हवलीला एसटीतून उतरलो तर मास्तर थांब्यावर उभे. हातात पुडीचा कागद. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. माझाच बांध फुटला, भर थांब्यावर मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मास्तर वाट बघत थांबले.

"उद्या मुरबाडला हळद हाय," मग म्हणाले. "येतोस ना?"

"येतो."

"मास्क लावून," बायको मागून म्हणाली.

मास्तरांनी कागदाची नीट घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"एकटा नको येऊस," ते म्हणाले. "त्या दोघांना पन घेऊन ये."